भरल्या गाडीने कोकण: ठाण्याहून सहकुटुंब साडेचारशे किलोमीटर गाडी चालवताना

आमच्या सोसायटीतून दर गणपतीत आणि दर मे महिन्यात दहा-बारा गाड्या तळकोकणात जातात. परत आल्यावर लिफ्टमध्ये ऐकू येणाऱ्या तक्रारी ठरलेल्या असतात. घाटात ब्रेकचा वास आला, मुलांना गाडी लागली, पहाटे डोळा लागता लागता वाचलो, टपावरचं सामान माणगावला सुटलं. दोष रस्त्याला दिला जातो, आणि रस्त्याचा दोष आहेही. पण यातल्या बहुतेक गोष्टी निघण्याच्या चार दिवस आधीपासून चुकत आलेल्या असतात.

मी गेली अनेक वर्षं ठाणे ते कुडाळ हे अंतर स्वतः गाडी चालवत जाते. गाडी सात आसनी, माणसंही सात. वाट मुंबई-गोवा महामार्गाची, साधारण साडेचारशे किलोमीटरची. रोज घोडबंदर रोडवर एकटीने चालवते ती गाडी आणि सात माणसं, सामान, टपावरचं कॅरियर घेऊन निघालेली गाडी यांच्यात इतका फरक पडतो की ती दुसरीच गाडी समजून चालवावी लागते. ती उशिरा थांबते, उशिरा वेग घेते, वळणावर जास्त कलते. खालचे टप्पे त्याच क्रमाने करा. क्रम चुकला की पुढचं काम पुन्हा करावं लागतं. नवी मुंबईकरांनी मुंब्रा बायपासचा भाग सोडून द्यावा, बाकी सगळं तेच आहे.

टप्पा १: वजनाचा हिशेब (चार दिवस आधी)

आरसी काढा. त्यावर गाडीचं रिकामं वजन आणि भरलेलं कमाल वजन असे दोन आकडे असतात. दोन्हींतला फरक म्हणजे माणसं, सामान आणि कॅरियर मिळून गाडीवर चढवता येणारं वजन. आपल्याकडच्या बऱ्याच सात आसनी गाड्यांत हा फरक साधारण ५०० ते ६०० किलो निघतो. आता माणसं मोजा. सरासरी ६५ किलो धरली तरी सात माणसांचे ४५५ किलो झाले. उरले जेमतेम १०० किलो. त्यात बॅगा, पाण्याचे कॅन, मखर आणि गावाला न्यायचा मिक्सरसुद्धा बसवायचा.

म्हणून आधी वजनकाट्यावर बॅगा मोजा. घरातल्या साध्या काट्यावर स्वतः बॅग घेऊन उभं राहा आणि आपलं वजन वजा करा. पंधरा मिनिटांचं काम आहे. आकडा ओलांडत असेल तर दोन बॅगा आधीच कुरियरने किंवा गावाकडे जाणाऱ्या लक्झरी बसने पाठवा.

जड सामान डिकीच्या तळाशी आणि मागच्या सीटला टेकून ठेवा. टपावर हलकंच ठेवा: अंथरुणं, कपडे, थर्माकोल. टपावर किती वजन चालतं ते गाडीच्या मॅन्युअलमध्ये लिहिलेलं असतं. बहुतेक घरगुती गाड्यांना ते ५० ते ७५ किलोच्या घरात असतं आणि त्यात कॅरियरचं वजनही धरायचं असतं. सर्वांत जास्त चूक इथे होते, आणि तीही परतीच्या प्रवासात. आंबा २५० ग्रॅमचा धरला तरी पाच डझनांची पेटी १५ किलोची होते. चार पेट्या टपावर टाकल्या की ६० किलो झाले. वर फणस आणि नारळाचं पोतं आलं की गाडीचा तोल वर सरकतो आणि घाटातल्या वळणावर ती बाहेरच्या बाजूला झुकायला लागते.

इशारा: शेवटच्या सीटच्या पाठीपेक्षा उंच सामान रचू नका. जोराचा ब्रेक लागला की वरची पिशवी थेट मागे बसलेल्या मुलाच्या डोक्यावर येते.

टप्पा २: गाडीची तपासणी (तीन दिवस आधी)

आदल्या संध्याकाळी गाडी गॅरेजला नेणं म्हणजे उशीर करणं. ब्रेक पॅड बदलावे लागले तर नवे पॅड बसायला काही किलोमीटर जपून चालवावं लागतं. काल बसवलेल्या पॅडवर भरल्या गाडीने परशुराम घाट उतरू नये. मेकॅनिकला चार गोष्टी नाव घेऊन सांगा: ब्रेक पॅड, ब्रेक ऑइल, कूलंट, वायपरची रबरं. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषून घेतं आणि जुनं झालं की लांब उतारावर तापून उकळू शकतं. मग पेडल मऊ पडतं. दोन वर्षं झाली असतील तर बदलूनच घ्या.

टायरकडे मात्र स्वतः बघा. टायरच्या बाजूवर चार अंकी आकडा कोरलेला असतो. २३२१ म्हणजे २०२१ सालचा तेविसावा आठवडा. पाच-सहा वर्षं उलटली असतील तर नक्षी दिसायला चांगली असली तरी रबर कडक झालेलं असतं. नक्षीची खोली १.६ मिलिमीटर ही कायद्याची किमान मर्यादा आहे. पावसात मी ३ मिलिमीटरच्या खाली गाडी नेत नाही. खोल गेलेल्या नक्षीतूनच पाणी बाहेर फेकलं जातं. ती उथळ झाली की टायर पाण्यावर तरंगायला लागतो.

हवेचा आकडा चालकाच्या दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरवर असतो. तिथे दोन ओळी असतात, एक कमी माणसांसाठी आणि एक पूर्ण भारासाठी. आपल्याला दुसरी ओळ हवी. बऱ्याच गाड्यांत पूर्ण भाराला मागच्या चाकांत ठळकपणे जास्त हवा सांगितलेली असते. पंपावरचा मुलगा विचारतो, "किती मारू?" आणि आपण सवयीने "तीस-बत्तीस" म्हणतो. भरल्या गाडीत कमी हवेचा टायर तापतो आणि मे महिन्याच्या दुपारी फुटतो. हवा टायर गार असताना भरा, म्हणजे घरापासून जवळच्या पंपावर, सकाळी.

स्टेपनीतही हवा भरा. कित्येक सात आसनी गाड्यांत स्टेपनी मागच्या बाजूला खाली लटकवलेली असते आणि ती खाली घेण्यासाठी डिकीच्या कडेला असलेल्या भोकातून दांडा फिरवावा लागतो. हे एकदा घरी करून बघा. दांडा गंजलेला असेल तर तो सोसायटीच्या पार्किंगमध्येच कळू दे.

तपासा: जॅक, पाना, दांडा आणि गाडी बंद पडल्यावर मागे ठेवायचा चमकणारा त्रिकोण सामानाच्या वर, हाताला लागेल असे ठेवलेत का? बॅगांच्या खाली गेले असतील तर पावसात सगळी डिकी रस्त्यावर उतरवावी लागेल.

कागदपत्रांचं थोडक्यात: विमा, पीयूसी आणि परवान्याच्या तारखा बघा आणि सगळं डिजिलॉकरमध्ये ठेवा. फास्टॅग चालू आहे ना आणि त्यात पैसे आहेत ना ते बघा. १५ नोव्हेंबर २०२५ पासून राष्ट्रीय महामार्गावर फास्टॅग नसताना यूपीआयने भरलं तर सव्वापट टोल लागतो. फास्टॅगचा वार्षिक पास घेतला असेल तर तो राष्ट्रीय महामार्गांवर चालतो. मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग राज्याचा असल्यामुळे तिथे चालत नाही. गणपतीत कोकणात जाणाऱ्यांना टोलमाफीचे पास मिळतात. ते आरटीओ किंवा पोलिसांकडून आधी घेऊन ठेवा, शेवटच्या दिवशी रांग लागते.

सीएनजीवाल्यांसाठी एकच सूचना. ठाणे-नवी मुंबईत पंप मुबलक आहेत म्हणून पुढेही तसेच असतील असं धरू नका. पेट्रोलची टाकी भरून निघा. सिलिंडरने अर्धी डिकी खाल्लेली असते हे टप्पा १च्या हिशेबात धरा.

टप्पा ३: चालकाची झोप (आदले दोन दिवस)

या टप्प्याकडे सर्वांत कमी लक्ष दिलं जातं आणि सर्वांत जास्त जीव इथेच जातात, असं माझं ठाम मत आहे.

एका वर्षी मी शुक्रवारी पूर्ण दिवस काम करून रात्री दहाला निघाले. नवरा माझ्याइतकाच दमलेला. पहाटे लांज्याच्या अलीकडे रस्ता मोकळा होता, गाडीत सगळे झोपलेले. सासूबाई मधल्या सीटवर जाग्या होत्या. त्यांनी आरशात माझे डोळे बघितले आणि म्हणाल्या, "गो, गाडी थांबय आधी." मी थांबले आणि उतरले, तेव्हा मागचे दोन-तीन किलोमीटर मला आठवतच नव्हते. मी जागी आहे अशी माझी पूर्ण खात्री होती.

ताशी ८० किलोमीटरला गाडी सेकंदाला २२ मीटर जाते. चार सेकंद डोळा लागला तर जवळपास ९० मीटर गाडी कुणीच चालवत नसतं. पहाटे दोन ते सहा आणि दुपारी दोन ते चार या वेळांत शरीर आपोआप सुस्तावतं. खिडकी उघडणं, गाणी मोठ्याने लावणं, च्युइंगम चघळणं यांनी झोप पाच मिनिटं पुढे ढकलली जाते, एवढंच.

म्हणून आदल्या दोन्ही रात्री चालकाने सात-सात तास झोपायचं. बॅगा भरण्याचं काम चालकाकडे नको. हे घरात आधीच बोलून ठरवा, कारण आपल्याकडे जी बाई गाडी चालवते तिनेच डबेही करायचे असतात आणि जो माणूस चालवतो त्यानेच रात्री बारापर्यंत टपावर दोरी बांधायची असते. दुसरा चालक असेल तर तो बदलाच्या आधी मागे बसून खरोखर झोपलेला हवा. सर्दीचं किंवा गाडी लागू नये म्हणून घेतलेलं औषध चालकाने घेऊ नये. त्यातली बरीच औषधं गुंगी आणतात.

टप्पा ४: वेळ आणि वाट ठरवणं

रात्री नऊला झोपून पहाटे साडेचारला निघणं सर्वांत बरं. तेवढ्यात मुंब्रा बायपास आणि कळंबोली पार होतात आणि माणगावची बाजारपेठ गजबजायच्या आत मागे टाकता येते. माणगाव आणि त्याच्या अलीकडचं इंदापूर या दोन गावांत हमरस्ता बाजारातूनच जातो. सुट्टीच्या दिवशी दहानंतर तिथे पोहोचलात तर किती वेळ जाईल हे कुणी सांगू शकत नाही.

दुसरी वाट पुण्याहून सातारा, कऱ्हाड, कोल्हापूर आणि तिथून गगनबावड्याने किंवा फोंडा घाटाने कणकवली. किलोमीटर थोडे जास्त आणि टोलही जास्त, पण रुंद रस्त्याचा भाग मोठा. मात्र शेवटचा घाट दमलेल्या अंगाने उतरावा लागतो हे विसरू नका. पावसाळ्यात दरड पडल्याने किंवा कामामुळे हे घाट कधीकधी बंद असतात. निघायच्या आधी गावातल्या माणसाला फोन करून घाट चालू आहे का ते विचारा.

इशारा: मोबाईलचा नकाशा वाटेत "वीस मिनिटं वाचतील" म्हणून आतला रस्ता दाखवेल. तो अंतर आणि वेळ मोजतो, तुमच्या टपावरचं कॅरियर मोजत नाही. एकेरी, संरक्षक कठडा नसलेल्या घाटरस्त्यावर समोरून एसटी आली की भरली गाडी मागे घेताना सगळी वाचलेली मिनिटं जातात.

लहान मूल किंवा सत्तरीच्या पुढचं माणूस सोबत असेल तर चिपळूणला मुक्काम करा. साडेचारशे किलोमीटर एका दमात केले म्हणून गावात कुणी सत्कार करत नाही.

टप्पा ५: कोण कुठे बसणार

हे रात्रीच ठरवा, पहाटे पार्किंगमध्ये नको.

चालकाच्या शेजारी जागं राहणारं आणि रस्ता कळणारं माणूस बसवा. नकाशा, टोल, फोन, पाण्याची बाटली, मागचं भांडण हे सगळं त्याच्याकडे. चालकाचा फोनही त्याच्याच हातात. ही जागा मानाची म्हणून आजोबांना दिली जाते आणि ते पनवेलजवळच्या पळस्पे फाट्यालाच झोपतात. त्यांना मधल्या रांगेत, दाराशी बसवा. चढउतार सोपी, पाय पसरायला जागा.

लहान बाळ मांडीवर घेऊन पुढे बसणं ही आपल्याकडची सर्वांत जुनी चूक. धडकेत बाळ हातात राहत नाही, आणि पुढची एअरबॅग त्याच्याच अंगावर उघडते. मुलांची सीट मधल्या रांगेत आयसोफिक्सला, म्हणजे गाडीच्या सीटमध्येच असलेल्या कड्यांना, लावा. १४ वर्षांखालचं मूल पट्ट्याविना किंवा सीटविना असेल तर १००० रुपये दंडाची तरतूदही आहे. मागच्या सर्वांनाही पट्टा लावायचाच आहे.

ज्याला गाडी लागते त्याला शेवटच्या रांगेत टाकू नका. मागच्या चाकांवर हिसके जास्त बसतात. मधल्या रांगेत, समोरचा रस्ता दिसेल असं बसवा. मोबाईल आणि पुस्तक बंद. पोट अगदी रिकामं नको आणि भरलेलंही नको. निघताना थोडी पोळी किंवा खाकरा पुरे, दूध नको. औषध द्यायचं तर डॉक्टरांना विचारून, प्रवासाच्या अर्धा-एक तास आधी. उलटी सुरू झाल्यावर दिलेली गोळी बाहेरच येते. जाड पिशव्या, ओला नॅपकिन आणि एक जोडी कपडे सीटच्या खिशात ठेवा.

आजी-आजोबांची औषधं डिकीत नकोत. इन्सुलिन गार पिशवीत, आणि जेवायला उतराल तेव्हा पिशवीही सोबत न्या. बंद गाडी उन्हात भट्टी होते.

टप्पा ६: सगळे बसल्यावरची पाच मिनिटं

आरसे आणि दिव्यांचं काम माणसं आणि सामान चढल्यावरच करायचं, कारण मागे भार आला की गाडीचं नाक वर जातं.

१. तिन्ही आरसे पुन्हा लावा. आतल्या आरशात सामानच दिसत असेल तर बाहेरच्या आरशांवर भिस्त ठेवायची सवय पहिल्या दहा किलोमीटरमध्ये करून घ्या.

२. स्टिअरिंगजवळ ० ते ३ किंवा ४ आकड्यांचं एक छोटं चाक असतं. ते हेडलाइट खाली घेण्यासाठी आहे. एरवी ० वर असतं. भरल्या गाडीत मॅन्युअल सांगेल त्या आकड्यावर आणा. हे केलं नाही तर तुमचा डिपर समोरच्याच्या डोळ्यांत जातो आणि तुम्हाला जवळचा खड्डा दिसत नाही. कित्येकांना हे चाक कशासाठी आहे ते ठाऊकच नसतं.

३. सोसायटीच्या रस्त्यावर मागे कुणी नाही बघून एकदा ब्रेक दाबा. गाडी किती पुढे जाऊन थांबते ते पायाला कळू द्या.

४. चालकाच्या पायाखाली बाटली किंवा चप्पल नाही ना ते बघा. ब्रेकखाली घरंगळलेली बाटली काढायला घाटात वेळ नसतो.

टप्पा ७: शहरातून बाहेर पडणं

मुंब्रा बायपासवर पहाटेही जेएनपीटीचे कंटेनर असतात. कंटेनरच्या आरशात तुम्हाला ड्रायव्हर दिसत नसेल तर त्यालाही तुम्ही दिसत नाही. त्याच्या बाजूने रेंगाळू नका: जागा असेल तर सरळ पुढे जा, नसेल तर मागे राहा. वळणावर तर अजिबात त्याच्या आतल्या बाजूला घुसू नका. कळंबोलीच्या चौकात चुकीच्या लेनमध्ये आलात तर पुढे जाऊन वळा. तिथे गाडी मागे घेताना मी लोकांना पाहिलंय आणि प्रत्येक वेळी पोटात गोळा येतो.

पळस्पे फाटा सोडल्यावर सुरक्षित जागी थांबा आणि टपावरच्या दोऱ्या ओढून बघा. पहिल्या तीस-चाळीस किलोमीटरमध्ये सामान बसतं आणि दोरी सैल पडते. ताडपत्री फडफडल्याचा आवाज आला की "पुढच्या थांब्यावर बघू" म्हणू नका.

टप्पा ८: मोकळा रस्ता आणि डायव्हर्जन

मुंबई-गोवा महामार्गाची खरी अडचण म्हणजे चौपदरी काँक्रीटवर वेग लागतो आणि अचानक रस्ता दुपदरी होऊन बाजूला वळतो. पाटी उशिरा दिसते. म्हणून वेग रस्त्याच्या सर्वांत वाईट तुकड्याला बघून ठरवा. भरल्या गाडीने मी ८०च्या वर जात नाही. पुढच्या गाडीशी अंतर ठेवण्यासाठी ती एखाद्या खांबापाशी आली की मोजायला सुरुवात करा. तुम्ही त्या खांबाशी पोहोचेपर्यंत चार सेकंद व्हायला हवेत, पावसात सहा.

ओव्हरटेकचा अंदाज इथे सर्वांत फसतो. एकट्याने असताना जी जागा पुरते ती सात माणसांत पुरत नाही, कारण गाडी वेगच घेत नाही. एसी चालू असेल तर आणखी नाही. दुपदरी भागात शंका आली तर मागेच राहा. दोन्ही बाजूंना गावं आहेत. उलट्या दिशेने येणारी दुचाकी आणि रस्त्यात बसलेली गुरं गृहीतच धरा.

टप्पा ९: घाट

कशेडीचा जुना घाट बोगद्यामुळे टळतो. बोगद्यात शिरण्याआधी दिवे लावा, गॉगल काढा, आत ओव्हरटेक नको. पुढे खेडनंतर भोस्ते घाट आणि चिपळूणच्या आधी परशुराम घाट आहेच.

उतरण्याचा नियम सोपा आहे: ज्या गिअरमध्ये तो घाट चढला असता त्याच गिअरमध्ये उतरा. तो गिअर उतार सुरू व्हायच्या आधी टाका. इंजिन गाडीला मागे ओढून धरतं आणि ब्रेकला विश्रांती मिळते. ब्रेक लागेल तेव्हा ठामपणे दाबा, वेग उतरला की सोडा. हलकासा पाय सतत ठेवून उतरणं हीच ती चूक, ज्यामुळे तो जळका वास येतो.

ऑटोमॅटिकवाले "डी"मध्ये ठेवून निवांत उतरतात आणि सगळा भार ब्रेकवर टाकतात. गिअरच्या दांड्यावर "एल", "२" किंवा "एम" असं काही असेल, हायब्रिडमध्ये "बी" असेल, ते वापरायला शिका. सपाट रस्त्यावर एकदा करून बघा. चढावर ट्रॅफिकमध्ये थांबलात तर अ‍ॅक्सिलरेटरने गाडी धरून ठेवू नका, क्लच तापतो. ब्रेक किंवा हँडब्रेक लावा.

इशारा: पेट्रोल वाचवायला गाडी न्यूट्रल करून सोडू नका. आजची इंजिनं गिअरमध्ये उतरताना इंधनाचा पुरवठाच बंद करतात. उलट न्यूट्रलमध्ये इंजिन चालू ठेवायला थोडं इंधन जातं. म्हणजे वाचत काहीच नाही आणि गाडीवरचा ताबा जातो.

वास आला किंवा पेडल मऊ लागलं तर पहिल्या सपाट जागेवर थांबा. गाडी गिअरमध्ये ठेवा, चाकाला दगड लावा, अर्धा तास जाऊ द्या. तापलेल्या डिस्कवर पाणी ओतू नका, ती वाकते किंवा तडकते. निघताना तो दगड उचलून कडेला टाका. घाटात रस्त्यावर पडलेले असे दगड रात्री मागून येणाऱ्या दुचाकीवाल्याला पाडतात.

अरुंद जागी चढणाऱ्या गाडीला आधी जाऊ द्यायचं असतं. वळणावर हॉर्न द्या आणि आपल्या डाव्या बाजूला राहा.

टप्पा १०: थांबे

दर दोन तासांनी पंधरा मिनिटं, कुणाला गरज वाटो वा न वाटो. सगळ्यांनी उतरायचं. वयस्कांच्या पायांत रक्त साकळू नये म्हणून पाच मिनिटं चालायला लावा. बाथरूम चांगलं दिसलं की थांबा. "पुढे चांगलं मिळेल" या आशेवर मुलांना आणि बायकांना ताटकळत ठेवलं जातं, आणि पुढे जाम लागतो. बायका मग पाणीच पीत नाहीत. उन्हाळ्यात हे धोक्याचं आहे.

चालकाने दुपारी थाळी खाऊ नये. भात, सोलकढी, मासे गावी पोहोचल्यावर. झोप आली तर चहा किंवा कॉफी घेऊन लगेच वीस मिनिटं सीट मागे करून पडा. कॉफीचा परिणाम दिसायला साधारण तेवढाच वेळ लागतो.

टप्पा ११: पाऊस आणि अंधार

मुसळधार पावसात वेग निम्मा करा, दिवे लावा. चालत्या गाडीत चारी इंडिकेटर लावू नका; मागच्याला तुम्ही थांबलात की वळताय हे कळत नाही. सात माणसांच्या श्वासाने काचा भराभर धुकट होतात, म्हणून एसी चालू ठेवा आणि हवा पुढच्या काचेवर सोडा. स्टिअरिंग अचानक हलकं लागलं तर टायर पाण्यावर आहेत. ब्रेक न दाबता अ‍ॅक्सिलरेटर सोडा आणि स्टिअरिंग सरळ धरा. मोरीवरून किंवा पुलावरून पाणी वाहत असेल तर थांबा. पुढची एसटी गेली म्हणून आपण जाऊ नये.

अंधार पडायच्या आत पोहोचायचं हे गणित ठेवा. नाहीच जमलं तर वाटेत राहा.

टप्पा १२: गाडी बंद पडली तर

शक्य तितकी डावीकडे घ्या, चारी इंडिकेटर लावा, सगळ्यांना डाव्या बाजूच्या दारातून उतरवून कठड्याच्या पलीकडे उभं करा. गाडीत कुणीही बसून राहायचं नाही, पाऊस असला तरी. त्रिकोण निदान ५० मीटर मागे ठेवा, वळण असेल तर वळणाच्याही आधी. राष्ट्रीय महामार्गाची मदत १०३३ वर, रुग्णवाहिका १०८ वर, बाकी सगळ्यासाठी ११२. किलोमीटरच्या दगडावरचा आकडा वाचून सांगा.

कॅम्परव्हॅन किंवा टेम्पो ट्रॅव्हलर भाड्याने घेणार असाल तर

हल्ली हे वाढलंय. स्वतः चालवायला भाड्याने दिलेल्या गाडीची पाटी काळी आणि अक्षरं पिवळी असतात. पांढऱ्या पाटीची गाडी कुणी भाड्याने देत असेल तर घेऊ नका, अपघातात विमा अडतो. सर्वोच्च न्यायालयाच्या ६ नोव्हेंबर २०२४च्या निकालाप्रमाणे हलक्या वाहनाच्या परवान्यावर ७५०० किलोपर्यंतची व्यापारी गाडीही चालवता येते. परवाना चालतो म्हणून हात बसलेला असतोच असं नाही. रविवारी सकाळी पाम बीच रोडच्या आसपासच्या रिकाम्या गल्ल्यांत दोन तास सराव करा, त्यातला एक तास फक्त मागे घेण्याचा.

गाडीची उंची मोजून कागदावर लिहा आणि डॅशबोर्डवर चिकटवा. वाडीतल्या रस्त्यावर आंब्याच्या फांद्या आणि विजेच्या तारा खाली आलेल्या असतात. वळताना लांब गाडीची मागची चाकं आतल्या बाजूने कापत जातात, म्हणून वळण उशिरा घ्या. पाण्याची टाकी १०० लिटरची असेल तर ते १०० किलो वजन आहे, आणि अर्धी भरलेली टाकी घाटात डचमळून गाडी हलवते. भरून न्या किंवा रिकामी न्या. चालत्या गाडीत गॅसचा सिलिंडर बंद, कपाटांना कड्या, आणि पलंगावर कुणी झोपायचं नाही. मागे घेताना एक माणूस खाली उतरून चालकाच्या बाजूच्या आरशात दिसेल असा उभा हवा. तो दिसेनासा झाला की थांबायचं.

परतीला

टप्पा १ पुन्हा करा, यावेळी आंबे, नारळ, तांदूळ धरून. जेवणं, आरत्या आणि जागरणं झालेली असतात, म्हणून टप्पा ३ परतीला अधिक कडक. रविवारी संध्याकाळी सगळे एकदम परततात. सोमवारची अर्धी रजा आधीच टाकून पहाटे निघा. घरी आल्यावर कॅरियर काढा, चाकांतली हवा कमी भाराच्या ओळीवर आणा आणि हेडलाइटचं ते चाक ० वर फिरवा.